आमच्या क्वार्टरचं चित्र

दिल्लीतल्या बहुतेक सगळ्या जुन्या इमारती माझ्या नवऱ्याने कागदावर उतरवल्या आहेत. मकबरे झाले, पायऱ्यांच्या बावड्या झाल्या, चांदणी चौकामागच्या हवेल्या झाल्या, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला रिजच्या टेकडीवर जे काही दगडाचं उभं आहे ते सगळं झालं. राहिलं फक्त आमचं सरकारी क्वार्टर, जिथे आम्ही सगळा संसार केला. ते एकदा काढून द्या म्हणून मी या माणसाच्या किती मागे लागले असेन, ते माझं मलाच ठाऊक.

आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात क्लार्क म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. क्वार्टर मिळालं ते माझ्या नोकरीवर. हे मुद्दाम सांगते, कारण पाहुणा आला की तो भिंतीवरची चित्रं बघून म्हणायचा, "वा, कलाकाराचं घर आहे हं!" कलाकाराचं कसलं डोंबलाचं! दोन बस बदलून ऑफिसला मी जात होते, म्हणून ते घर होतं. पण हसून "चहा घेणार ना?" म्हणायचं आणि आत जायचं, एवढंच मी करायची.

रविवार उजाडला की हे घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, रंगांची पेटी आणि कागद बांधलेली फळी घेऊन निघत. सुरुवातीला मीही थर्मास घेऊन बरोबर जायची. नवं लग्न होतं, सगळंच गोड लागायचं. हे एखाद्या पडक्या दरवाजासमोर बसत आणि कितीतरी वेळ नुसतं बघत. पेन्सिलसुद्धा हातात घेत नसत. मग हळूच एक रेघ. जुन्या दिल्लीत कोणी असं घरासमोर ठाण मांडून बघायला लागलं की आतली माणसं घाबरतात. "क्यों भाईसाहब, तोड़ने वाले हो क्या?" असं वरच्या सज्ज्यातून कोणीतरी विचारायचंच. हे म्हणत, "नहीं जी, बनाने वाला हूँ." मग आतून चहा यायचा. पुढे मुलगी झाली, रविवारी धुणं साचायला लागलं, आणि माझं जाणं थांबलं.

ह्यांचे नियम फार कडक. फोटोवरून काढायचं नाही. आठवणीने तर नाहीच नाही. समोर बसायचं, डोळ्याला दिसेल तेवढंच काढायचं, पदरचं काही घालायचं नाही. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात एका गणपतीत ह्यांची चित्रं मांडली होती. तिथे एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, हा घुमट अर्धा पडलाय. तेवढा पूर्ण करून द्या की, मी हॉलमध्ये लावीन." हे म्हणाले, "तो पडलाय हो. मी कोण उभा करणारा?" गृहस्थ नाराज होऊन मोदकांच्या दिशेने गेले. मला तेव्हा ह्यांचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

माझी निवृत्ती जवळ आली, क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा मी पहिल्यांदा विषय काढला. म्हटलं, "अहो, जाण्याआधी या घराचं एक चित्र काढा."

ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, ही काय इमारत आहे? क्वार्टर आहे. अशी शेकडो आहेत, सगळी एका साच्यातली. त्यात बघायचं काय?"

"बघायचं काय म्हणजे? राहिलो ना आपण इथे?"

"राहिलो. पण म्हणून ते बघण्यासारखं होत नाही."

"बादशहाने बांधलं तेवढंच बघण्यासारखं का? आणि तो तरी कुठे राहिला त्यात? मेल्यावर नेऊन ठेवला!"

हे हसले. माझा संताप हा माणूस नेहमी हसण्यावारी नेतो, आणि त्याने मी आणखी संतापते. त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. ह्यांनी निमूटपणे वरून घेतलं.

एका साच्यातली होती, हे मात्र खरं. दुमजली पिवळे ब्लॉक, वर-खाली तसल्याच गॅलऱ्या, तसलेच जिने, कोपऱ्यावर काळ्या रंगात लिहिलेला नंबर. नवीन आलेला माणूस हमखास दुसऱ्याच्या घरात शिरायचा. एकदा हेच शाळेतून आले, पलीकडच्या ब्लॉकचा जिना चढले, चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. त्या घरच्या बाईने पाणी दिलं, चहा दिला, बिस्किटं दिली आणि मग म्हणाली, "भाईसाहब, अब घर जाइए, दीदी राह देख रही होंगी." सगळ्या कॉलनीत ही गोष्ट झाली. कित्येक दिवस लोक ह्यांना बघून आपल्या घराकडे बोट दाखवत, "भाईसाहब, हमारे यहाँ भी चाय बनी है!"

ती बाई मथुरेकडची. तिची गॅलरी आणि माझी गॅलरी दोन्ही वरच्या मजल्यावर, शेजारी-शेजारी, मध्ये फक्त दोन ब्लॉकमधली बोळ. सावनात तिच्याकडे तीजेच्या सणाला गॅलरीत झोपाळा लागायचा. त्यासाठी तिच्या नवऱ्याने छताला दोन लोखंडी कड्या स्वतःच्या हाताने ठोकल्या होत्या. सरकारी घराला साधा खिळा मारायचा तरी परवानगी लागते असं म्हणणारे आम्ही, आणि हा गडी सरळ छत फोडून मोकळा. मी ऑफिसातून दमून आले की ती गॅलरीतून हाक मारायची, आणि मी साडीही न बदलता जाऊन त्या झोपाळ्यावर बसायची. दोघी मिळून सगळ्या ब्लॉकची उणीदुणी काढायचो. फार बरं वाटायचं.

आम्ही क्वार्टर सोडून नोएडाला वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. लिफ्ट आहे, गार्ड आहे, सगळं आहे. तिचा नवरा पुढे वारला आणि ती मुलाकडे फरीदाबादला गेली. मग एक दिवस जुन्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली की कॉलनी पाडणार, तिथे टॉवर उभे राहणार. मी लगेच सगळे अल्बम काढले. म्हटलं, घराचा एखादा तरी फोटो असेल. वाढदिवस होते, केक होते, मुलीचे गॅदरिंगचे कपडे होते, माझ्या भावाचं बाळ होतं. घर कुठे नव्हतंच. माणसांच्या डोक्यामागे हातभर भिंत, नाहीतर अर्धा पडदा. घराचा फोटो कोण काढतं? ते रोज असतंच ना. मी अल्बम मांडीवर घेऊन रडले, अगदी हुंदके देऊन. सगळं आयुष्य तिथे गेलं आणि तो दरवाजासुद्धा मला कोणाला दाखवता येणार नव्हता.

"आता तरी काढा," मी ह्यांना म्हटलं. "शंभर वर्षं जुनं व्हायची वाट बघू नका. ते तेवढं टिकणार नाहीये."

"बघू," हे म्हणाले.

"बघू" म्हणजे नाही, हे एवढ्या वर्षांनी मला कळतं. रुसून बोलणं बंद करणाऱ्यांतली मी नव्हे. मी बोलणं वाढवलं. सकाळच्या चहाला क्वार्टर, जेवताना क्वार्टर, टीव्हीवर बातम्या लागल्या की क्वार्टर. मुलीचा फोन आला की तिलाही मध्ये घेतलं. शेवटी थंडीत एका सकाळी हे स्वतःच उठले, कानटोपी घातली आणि स्टूल काखेत मारलं. "जातो बाई. तुझा तो ताजमहाल काढून आणतो."

मी बरोबर गेले नाही. ग्रुपवर कोणीतरी पत्र्यांच्या कुंपणाचे आणि मोडक्या भिंतींचे फोटो टाकले होते, ते बघून मी फोन उपडा ठेवला होता. मी म्हटलं, मला चित्रातच बघू दे.

हे दोन दिवस जात होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. फळीवरून कागद न सोडता चित्र जेवणाच्या टेबलावर उभं केलं. "बघ," म्हणाले. "मी चुकत होतो. बघण्यासारखं होतं."

काय चित्र होतं, काय सांगू! दारं-खिडक्या भंगारवाल्याने आधीच नेल्या होत्या, त्यामुळे घराला नुसते काळे चौकोन उरले होते. पिवळ्या रंगाचे पोपडे, पावसाच्या पाण्याचे ओघळ, जिन्याच्या भिंतीला हात लागून लागून झालेला तेलकट पट्टा, सगळं त्यात होतं. हिवाळ्यातलं फिकं ऊन वरच्या गॅलरीत तिरपं आलं होतं. ह्यांनी एवढ्या मायेने एकाही बादशहाचं घर काढलं नसेल. मी ह्यांचा हात धरला. हे म्हणाले, "अगं, रंग ओला आहे," पण हात सोडवून घेतला नाही.

मग मी जवळ जाऊन बघितलं. वरच्या गॅलरीत, छताला, दोन कड्या.

"ह्या कसल्या?"

"होत्या तिथे. दिसल्या, काढल्या."

"अहो, आपल्याकडे कड्या नव्हत्या."

"नसतील तुझ्या लक्षात."

"माझ्या? मी झाडत होते ते छत दर दिवाळीला! कड्या पलीकडच्या ब्लॉकला होत्या. तुम्ही मोजलं कसं?"

"दुधाच्या बूथपासून तिसरा ब्लॉक. आपला तिसराच ना?"

तिसराच. पण बूथला लागून असलेला पहिला ब्लॉक कधीच पाडून, राडारोडा उचलून, जमीन सपाट झाली होती. ह्यांनी उभे होते तेवढेच ब्लॉक मोजले. दिसेल तेवढंच खरं मानणारा माणूस! नंबर लिहिलेले कोपरे फुटले होते, पाट्या गेल्या होत्या, दारं नव्हती, पडदे नव्हते, कुंड्या नव्हत्या. दोन दिवस हे मथुरावालीच्या घरासमोर बसून तेच आमचं घर म्हणून बघत होते. आणि आमचं तिथेच शेजारी उभं होतं.

"कप्पाळ माझं!" मी ओरडले. "एकदा तिच्याकडे पाणी प्यायलात ते प्यायलात, आता चित्रही तिचंच?"

हे एकदाही हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मेट्रोने गेले. मी मनाशी म्हटलं, एक दिवस जास्त, एवढंच ना. दुपारी जेवायच्या आतच बेल वाजली. फळीवर कोरा कागद होता. पाडायचं मशीन रात्रभर बूथच्या बाजूनेच पुढे सरकत होतं, आणि हे पोचले तोवर आमची वरची गॅलरी खाली आली होती. गार्डने जवळ जाऊ दिलं नाही. हे पत्र्याबाहेर उभे राहून बघत राहिले. "धूळ फार होती," एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. मला खूप बोलायचं होतं. ह्यांच्या पाठीकडे बघून मी नुसता टॉवेल नेऊन दिला.

चार-पाच दिवसांनी मी म्हटलं, "आठवणीने काढा."

"नाही जमणार गं."

"प्रयत्न तर करा."

"प्रयत्न केला. तू झोपायची दुपारी, तेव्हा." हे टेबलाकडे बघत म्हणाले. "बसलो की कड्यांवालंच घर हातातून येतं. तेच बघितलंय ना मी. आपलं मी कधी बघितलंच नाही."

असं सरळ कबूल केल्यावर माणसाने भांडायचं तरी कसं? मला राग आला, कीव आली, पुन्हा राग आला. त्यात ह्यांनी ते चित्र फळीवरून सोडवलं. चुकलेलं चित्र फाडायची ह्यांची सवय. मी झडप घालून ते ओढून घेतलं. "खबरदार! त्या बाईचं घर आहे ते. तुम्ही कोण पाडणारे?"

पण द्यायचं का, हा वेगळा प्रश्न होता. खरं सांगते, मला द्यायचं नव्हतं. एवढं सुंदर चित्र, आणि ते तिच्या घराचं! मी मागितलं, मी भांडले, आणि मिळालं तिला, जिने कधी मागितलंही नाही. मी ते कपाटामागे ठेवून दिलं. मग एका सकाळी ग्रुपवर तिचा मेसेज आला, "किसी के पास हमारे ब्लॉक की फोटो है क्या?" कोणाकडेच नव्हती. मी चित्र फ्रेम करायला टाकलं.

फरीदाबादला तिने दार उघडलं आणि मला मिठीच मारली. बारीक झाली होती, केस पांढरे. सुनेने पोहे केले होते, "महाराष्ट्र वालों के लिए." फ्रेम टेबलावर आडवी ठेवून मी वरचा कागद काढला. ती वाकून बघत राहिली. मग तिचं बोट कड्यांवर गेलं, आणि ती खुर्चीत बसली. "देख," सुनेला म्हणाली, "ये तेरे ससुरजी ने लगाए थे. सब ने मना किया था."

मग पदराने डोळे पुसून ह्यांच्याकडे बघत म्हणाली, "भाईसाहब, आपने अपना छोड़ के हमारा बनाया?"

ह्यांनी तोंड उघडलं. हा माणूस खरंच बोलणार, हे मला दिसत होतं. ज्याने पडका घुमट पूर्ण केला नाही, तो इथे काय खोटं बोलणार! मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर पाय दिला, चांगला दाबून.

"हाँ तो," मी म्हटलं. "इनको तुम्हारा झूला बहुत पसंद था."

ती पुन्हा चित्राकडे वळली. गॅलरीवरून तिचं बोट डावीकडे सरकत सरकत कागदाच्या कडेपर्यंत आलं, फ्रेमच्या लाकडावरून खाली उतरलं आणि टेबलावर टेकलं. "और यहाँ दीदी," ती सुनेला म्हणाली. "यहाँ से मैं आवाज़ देती थी, और यहाँ से ये आती थीं." मी तिच्या बोटाकडे बघितलं. तिथे टेबलावरचं प्लास्टिक होतं आणि त्यावर पोह्यांचा एक दाणा. मला रडू आलं आणि मी ते तिखटावर ढकललं.

परतीच्या मेट्रोत आम्हाला शेजारी-शेजारी जागा मिळाली. हे पाय चोळत म्हणाले, "आपलं राहिलंच."

"राहिलंच," मी म्हटलं. "काही आठवतं तरी का तुम्हाला? दरवाजा कुठल्या रंगाचा होता?"

"निळा."

"निळा? हिरवा होता!"

"अगं, निळा. आतून हिरवा असेल."

"आतून पांढरा होता. आणि स्वयंपाकघराची खिडकी?"

"बोळीकडे."

"मागच्या अंगणाकडे! बोळीकडे न्हाणीघराची होती."

समोर बसलेली मुलगी मोबाइलमधून डोकं वर काढून आमच्याकडे बघायला लागली. आम्हाला भान नव्हतं. जिन्याला पायऱ्या उंच होत्या की बुटक्या, गॅलरीचा कठडा लोखंडी की सिमेंटचा, तुळस कुठल्या कोपऱ्यात, पेरूचं झाड आमचं की खालच्यांचं, सगळ्यावर भांडलो. एवढं त्या घराबद्दल आम्ही तिथे राहत असतानाही कधी बोललो नव्हतो. मला सगळं लख्ख दिसत होतं, आणि ह्यांनाही दिसत होतं, फक्त वेगळं.

मध्येच माझ्या मनात आलं आणि मी बोलून गेले. "आपल्यातलं एक गेलं की हो?"

हे पुन्हा पाय चोळायला लागले. "मग उरलेल्याचंच खरं," म्हणाले. "भांडायला कोण असणार?"

फोटो नाही, चित्र नाही, आणि आता हे भांडणही आम्ही दोघं आहोत तोवरच. हे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर नवे टॉवर, क्रेन, पुन्हा टॉवर. मग माझ्याकडे न बघताच, समजूत काढल्यासारखं म्हणाले, "हिरवाच असेल गं दरवाजा. तू म्हणतेस तर हिरवाच."

मला एवढा राग आला! मी ह्यांचं मनगट घट्ट धरलं.

"मान्य करू नका," मी म्हटलं. "निळाच म्हणत राहा."